रोटाव्हेटरच्या स्किड एका हंगामात झिजून राहिल्या, जास्त कशा टिकवायच्या?

बरडीवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र) ६ फुटी, गिअर ड्राइव्हचा. ट्रॅक्टर ४५ एचपी. काम भाड्याचं, हंगामाला ३०० एकरांच्या आसपास. निम्मी वावरं काळीची, बाकी हिंगण्याकडची मुरमाड बरडी, थोडं काम कुही-उमरेडकडे.

दोन्ही बाजूंच्या स्किड, म्हणजे तळाला जमिनीवर घासत चालणाऱ्या लोखंडी पट्ट्या, नव्या होत्या तेव्हा ८ मिमी जाड. आता मागच्या टोकाला ६ मिमी आहे आणि पुढच्या वळणावर जेमतेम ३. डावी उजवीपेक्षा जास्त गेली. बोल्टांची मुंडकी तळातून सपाट झाली, पाना लागत नाही.

एक वेल्डर म्हणतो खालून जाड पट्टी मारून देतो. दुसरा म्हणतो हार्डफेसिंगचा (वरून कडक धातूचा थर चढवायचा) रॉड चालवा. तिसऱ्याचं म्हणणं, ट्रकच्या कमानीचा पाटा लावा, मग पाहायलाच नको. करावं काय? रॉड कोणता आणि किती अँपिअरवर?

धुऱ्यावरून

पट्टी-रॉडचं मागून पाहू, आधी हिशेब करा. ६ फूट म्हणजे १.८३ मीटर. एक तास, म्हणजे एका चालीचा पट्टा, दुसऱ्यावर थोडा चढतो, म्हणून कामाची रुंदी १.७ मीटर धरा. एकर ४०४७ चौरस मीटरचा. म्हणजे एका एकरात प्रत्येक स्किड जवळजवळ २.४ किलोमीटर घासत जाते. ३०० एकरांचे झाले सातशेच्या वर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तुमची स्किड नागपूरच्या शिवमडक्याहून निघून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत मातीत घासत गेली असं समजा. त्या मानाने मागचं २ मिमी काहीच नाही. दुखणं आहे ते पुढच्या ५ मिमीचं. तिथे वजन पडून राहिलं आहे.

झीज तीन गोष्टींवर ठरते: दाब, अंतर आणि लोखंडाचा कडकपणा. अंतर कमी करता येत नाही, त्याचंच तर भाडं मिळतं. कडकपणाला पैसे लागतात. दाब मात्र फुकटात कमी होतो आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

६ फुटी रोटाव्हेटरचं वजन चारशे किलोच्या पुढेच असतं. ड्रायव्हर हायड्रॉलिकचा लिव्हर पार खाली टाकून मोकळा होतो. मग ट्रॅक्टर काहीच पेलत नाही. पाती जेवढं वर उचलून धरतील तेवढं सोडून सगळा भार स्किडवर. स्किड म्हणजे चाक नव्हे. पाती ठरल्यापेक्षा खोल जाऊ नयेत म्हणून लावलेली ती अडसर आहे.

रोटाव्हेटर पोझिशन कंट्रोलवर (लिव्हर असेल त्या उंचीवर अवजार धरणारा) चालवा, ड्राफ्टवर (ओढीच्या जोराप्रमाणे वर-खाली करणारा) नाही. वावराच्या सपाट भागात स्किड ४ इंचांच्या भोकात लावा, पीटीओ (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवणारा दांडा) चालू करून लिव्हर हळूहळू खाली आणा आणि स्किड जमिनीला टेकली की तिथेच लिव्हरचा स्टॉपर बांधून टाका. वीसेक मीटर चालवून थांबा, पीटीओ काढा, इंजिन बंद करा, मग उतरून स्किडची चाकोरी पाहा. माती नुसती दाबून चकाकली असेल, अर्धा सेंटिमीटर खोल, तर बरोबर आहे. बोटभर नाली पडली असेल तर लिव्हर अजून खाली आहे. उंचसखल वावरात ट्रॅक्टर पुढे-मागे झुकतो तेव्हा स्किडवर भार येणारच, तेवढा येऊ द्या.

आता पुढचं नाक का गेलं ते. टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि अवजाराला जोडणारा वरचा दांडा) आखूड झाली की रोटाव्हेटरचं डोकं ट्रॅक्टरकडे ओढलं जातं, मागची बाजू उचलते आणि स्किड नाकावर चालते. लिंक लांब झाली तर उलटं, टाच झिजते. सिमेंटच्या फरशीवर सपाट उभं करून मोजू नका, कामाच्या खोलीत मोजा: वावरात ४ इंच खाली असताना स्किडचा तळ जमिनीला समांतर येईपर्यंत टॉप लिंक फिरवा. तुमच्या आकड्यांवरून लिंक दोन-तीन आटे तरी लांब करावी लागेल. मागचं फळकं त्याने जरा खाली येईल, त्याची साखळी तेवढी वर घ्या.

डावी-उजवीचं कारण बहुतेक फेरीत सापडेल. धुऱ्याकडून आत आत डावीकडे वळत गोल फेऱ्या मारल्या की डावी स्किड दर वेळी न नांगरलेल्या कडक जमिनीवर आणि उजवी आधीच्या पासच्या भुसभुशीत मातीवर. दर वावरात फेरीची दिशा उलटवा. तरी फरक राहिला तर उजव्या खालच्या लिंकचं हँडल फिरवून दोन्ही बाजूंची उंची जुळवा. आणि धुऱ्यावर वळताना रोटाव्हेटर उचला. खाली ठेवून वळलं की स्किड आडवी घासते, एका वळणात जेवढी कड खाते तेवढी सरळ तासात खात नाही.

जोडकाम_उमरेड

वरचं सगळं मान्य. आता लोखंडाचं सांगतो.

तुमची तीन ठिकाणची माती तीन जातींची आहे, म्हणून एकाच उपायाने तिन्हीकडे सारखा फायदा होणार नाही. हिंगणा, काटोल, कळमेश्वर हा बेसाल्टचा पट्टा. काळी माती स्वतः मऊ असते, झिजवतात त्यातल्या गारगोट्या आणि मुरूम. नागपूरच्या पूर्वेला कुही, उमरेड, भिवापूरकडे बेसाल्ट संपतो. तिथल्या मातीत वालुकाश्माची आणि जुन्या खडकांची रेती येते, म्हणजे क्वार्ट्झ. क्वार्ट्झचा कडकपणा विकर्स मापाने १००० च्या वर, साध्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीचा दीडशेही नाही. रेती त्या पट्टीला कानशीसारखी खाते. ४०० ब्रिनेलची (हे कडकपणाचं दुसरं माप) वेअर प्लेट एमएसच्या तिप्पट कडक, तरी रेतीपेक्षा मऊच. म्हणून आयुष्य वाढतं, पण कडकपणाच्या पटीत वाढत नाही. रेतीपेक्षा कडक असतात ते हार्डफेसिंगमधले क्रोमियम कार्बाइडचे कण, १५०० विकर्सच्या आसपास. रॉडचा फायदा खरा आहे तो इथे.

माझ्या मते दोन्ही करा, पट्टीही आणि रॉडही. मूळ स्किडवर थेट रॉड चालवू नका. ३ मिमीच्या पत्र्यावर हार्डफेसिंग केलं तर तो वाकतो आणि जळून भोक पडतं. तळाला बदलता येणारी पट्टी घ्या: ६५ बाय १० मिमीची एमएस फ्लॅट. ती मीटरला ५.१ किलो भरते, स्किड ६० सेंटिमीटर असेल तर एका बाजूला ३ किलो. इतवारीत लोहाओळीत कापून मिळते. नाकाचं वळण भट्टीत गरम करून स्किडच्या वळणाशी जुळवून घ्या. हातोडा मारून थंड वाकवलेली पट्टी मधे उचलते आणि त्या फटीत माती भरून बोल्ट ताणले जातात.

रॉड क्रोम कार्बाइडचा, ५५ ते ६० आरसी (रॉकवेल सी मापाने) कडकपणा देणारा. ४ मिमीच्या रॉडला १४० ते १७० अँपिअर. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. मशीन डीसी असेल तर होल्डर पॉझिटिव्हला. एकावर एक दोनच थर. तिसरा थर चढवला की खपली निघते, आणि निघताना खालचं लोखंडही घेऊन जाते. थंड होताना रेषेवर आडव्या बारीक चिरा पडतील, टिकटिक आवाजही येईल. घाबरून त्यावर परत वेल्डिंग मारू नका, या रॉडचं तसंच असतं. चिर लांबीच्या दिशेने पळाली तरच काळजी. थंड करायला पाणी ओतायचं नाही.

रेषा कशा मारायच्या ते मातीवर. मुरूम आणि दगड असतील तर चालीच्या दिशेने लांब रेषा, म्हणजे दगड रेषांवरून घसरत मागे जातो. बारीक रेतीत आडव्या रेषा, मधे १२ मिमी जागा सोडून. त्या जागेत रेती भरून बसते आणि मग मातीवर मातीच घासते. चिकट काळीत आडव्या रेषा नकोत, ओल असली की चिखल धरतात. तुमचं काम मिसळ असल्याने नाकापासून मधापर्यंत लांब रेषा मारा आणि टाचेला थोडे ठिपके. नाकाची पुढची धार पूर्ण भरा, तीच पहिली जाते.

आता वाकण्याचं. वेल्डिंग आकसतं ते ज्या बाजूला केलं त्या बाजूला, म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं तळाकडे वळतात. स्किडसाठी याहून वाईट काही नाही, नाक जमिनीत घुसतं. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पाठीला पाठ लावा, मधोमध ३ मिमीचा तुकडा ठेवा आणि टोकं सी-क्लॅम्पने एकमेकांवर आवळा. दोन्ही आधीच उलट्या वाकलेल्या राहतात. मग एक रेष या पट्टीवर, पालटून एक रेष त्या पट्टीवर. हात लावता येईल इतक्या गार झाल्यावरच क्लॅम्प सोडा, बऱ्यापैकी सरळ निघतात. नाकाला वळण असल्याने क्लॅम्प वळणाच्या अलीकडे लावा.

कामाला माणूस शोधताना गेट-ग्रिलवाला वेल्डर नको. उमरेड, कामठी, सावनेर या कोळसा खाणींच्या पट्ट्यात लोडरचे बकेट भरणारे वेल्डर आहेत. त्यांचं रोजचं काम हेच.

काळीकसदार

कमानीच्या पाट्याबद्दल कोणीच का बोलत नाही? जुना पाटा भंगारात मिळतो, १० ते १२ मिमी जाड असतो आणि एमएसपेक्षा कितीतरी कडक. वखराच्या पासेला (पात्याला) चालतो, इथे का चालू नये?

जोडकाम_उमरेड

चालतो, पण वेल्डिंगने नाही, बोल्टने. पाटा सिलिकॉन असलेल्या स्प्रिंग स्टीलचा, त्यात कार्बन अर्धा टक्क्याच्या वर. थंड पाट्यावर वेल्डिंग केलं की टाक्याच्या कडेची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. चिर त्या वेळी दिसत नाही. पहिला दगड लागला की टाका जागेवर राहतो आणि पाटा सोलून निघतो. वेल्ड करायचाच हट्ट असेल तर २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवा, ७०१८ (कमी हायड्रोजनचा) रॉड वापरा आणि काम झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू द्या. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ रॉड ओल धरतो. भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर तासभर सुकवल्याशिवाय तो वापरण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण वळणाची. पाट्याची कमान स्किडला जुळत नाही. लाल करून सरळ केला की त्याचं पाणी (तापवून विझवून आणलेला कडकपणा) उतरतं आणि तो बराच मऊ पडतो. लोहाराकडून तेलात परत पाणी देऊन घ्या आणि नंतर थोडा उतरवून घ्या. नुसता विझवून आणलात तर तुटेल. भोकं पाणी देण्याआधी पाडा, नंतर ड्रिलचं टोक जाईल. एवढं करणारा लोहार असेल तर पाटा उत्तम आहे, वाद नाही.

कोणी रेल्वेच्या रुळाचा किंवा क्रॉसिंगचा तुकडा सुचवायच्या आधीच सांगतो. क्रॉसिंगचं मँगेनीज स्टील दणका बसला तरच कडक होतं. मातीच्या घासण्याने होत नाही, त्यामुळे रेतीत ते साध्या लोखंडासारखंच झिजतं. शिवाय लिलावाची पावती नसलेला रेल्वेचा माल जवळ सापडला तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा आहे. दोन स्किडसाठी कशाला ते लचांड.

संत्रापट्टा

मधेच एक शंका. विदेशातल्या बर्फ उडवायच्या मशीनला काळ्या प्लास्टिकच्या स्किड लावलेल्या व्हिडिओत दिसतात, त्या लोखंडापेक्षा जास्त टिकतात म्हणे. तेच प्लास्टिक इथे?

धुऱ्यावरून

ते पॉलिथिनच, पण फार लांब साखळीचं आणि घट्ट. तिकडचं काम वेगळं आहे. ती मशीन घरासमोरच्या सिमेंट-डांबरावर चालते. स्किड दोन्ही बाजूंना बोल्टने बसते आणि खरवडणारी पट्टी जमिनीपासून वर धरते. गुळगुळीत जागेवर ३ मिमी, खडीच्या रस्त्यावर इंचभर किंवा जास्त, नाहीतर खडीच उडते. तिथे प्लास्टिक लावतात ते फरशीवर ओरखडे आणि गंज उठू नये, मशीन हलकी सरकावी म्हणून. खाली ओलं बर्फ, वर मशीनचं वजन थोडं. आपल्या मुरमात धारदार खडा प्लास्टिकमध्ये रुततो आणि चिरत जातो, वरून चारशे किलो. बरडीत नको. निव्वळ काळीत, गोटे नसतील तर चिखल चिकटत नाही एवढा फायदा मिळेल.

पण त्या मशीनकडून एक गोष्ट जरूर घ्या. तिथल्या बऱ्याच स्किड पालटून लावता येतात, एक कड झिजली की दुसरी. तुमच्या पट्टीची भोकं मधापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर पाडा आणि दोन्ही टोकांना सारखंच वळण द्या. पुढचं टोक झिजलं की पट्टी फिरवून मागचं पुढे घ्या. अर्थात मग हार्डफेसिंगही दोन्ही टोकांना करावं लागेल.

बरडीवाला_हिंगणा

टॉप लिंक खरंच आखूड होती, तीन आटे लांब केली आणि दोन्ही टोकांना सारखा माग पडतो आहे. आभार, दादा. पट्टी बोल्टने बसवू की वेल्ड करू? मुंडक्यांचा प्रश्न तसाच राहतो ना?

नटबोल्ट_कळमना

बोल्टनेच, पण षटकोनी मुंडक्याचे नकोत. वखर-नांगराच्या फाळाला लागतात ते चौकोनी मानेचे, चपट्या बुडत्या डोक्याचे बोल्ट घ्या, एम१२ (१२ मिमी जाडीचे), मजबुतीचा ग्रेड ८.८. पट्टीत तिरकं भोक करून डोकं तळाच्या २ मिमी आत बसवा. पट्टी जाडच हवी ती यासाठी. एम१२ चं बुडतं डोकं ६-७ मिमी उंच असतं, ८ मिमीच्या पट्टीत ते आत बसवायला जागाच उरत नाही. आत नट, त्याखाली स्प्रिंग वॉशर, आट्यांना ग्रीस. ८० न्यूटन-मीटर आवळा. टॉर्क पाना नसेल तर फूटभर पान्यावर एका हाताचा पूर्ण जोर. दोन तास काम झाल्यावर परत आवळा, रंग आणि पोपडे दबून पहिल्यांदा सैल होतंच.

प्रत्येक डोक्याच्या पुढे, चालीच्या दिशेला, हार्डफेसिंगचा चंद्रकोरीसारखा एक ठिपका मारा. माती डोक्याला वळसा घालून जाते. डोक्यावर मात्र मारू नका, ८.८ च्या बोल्टला उष्णता लागली की त्याचा ग्रेड गेला.

आताचे सपाट झालेले बोल्ट गॅस कटरने तळातून उडवायला जाल तर जपून. गिअरच्या बाजूला आत सील आहे, ज्योत तिकडे वळू देऊ नका. त्यापेक्षा आतून नट ग्राइंडरने कापा आणि बोल्ट पंचने खाली पाडा. आणि वेल्डिंग करताना स्किड काढून टेबलावर घ्या. यंत्रावर लावूनच करायचं असेल तर अर्थचा चिमटा त्याच स्किडवर. तो फ्रेमला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर खड्डे पडतात आणि पुढच्या हंगामात बेअरिंग ओरडायला लागतं. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर बॅटरीची वायर काढा.

काळीकसदार

पट्टी कधी बदलायची ते कोणी सांगितलं नाही.

नटबोल्ट_कळमना

निम्मी झिजली की. त्यापुढे बोल्टाचं डोकं पातळ होऊन पट्टी वावरातच गळून पडते आणि पुढच्या फेरीत ती पात्यांत येते. दर वेळी कॅलिपर घेऊन कोण बसतो. पट्टी बसवण्याआधी नाकाजवळ आणि टाचेजवळ तळातून ५ मिमी खोल, ६ मिमीच्या ड्रिलने एकेक आंधळं भोक पाडा. ग्रीस करायच्या दिवशी खिळ्याने माती काढून पाहायचं. भोक दिसेनासं झालं की पट्टी काढा.

याला कंटाळा करू नका, कारण स्किड संपली की पुढे नंबर साइड प्लेटचा आणि गिअर ड्राइव्हच्या बाजूच्या कव्हरच्या तळाचा. ते घासून पातळ झालं की ९० नंबरचं ऑइल गळतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण गळणारं ऑइल मातीच पिऊन टाकते. आधी आवाज येतो, मग गिअरचे दात. कव्हरच्या तळाला हात फिरवून पाहा, भाऊ. डावी स्किड ३ मिमीवर आली आहे म्हणता, तर तिथे चकाकी आली असेल.

बरडीवाला_हिंगणा

पाहिलं. बोटाएवढा पट्टा चकाकतो आहे, गळती नाही. कव्हरवर पॅच मारू का?

जोडकाम_उमरेड

कव्हर ओतीव आहे की पत्र्याचं ते आधी पाहा. ग्राइंडर टेकवा: लांब, फांद्या फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या तर स्टील; आखूड, लालसर आणि जवळच विझणाऱ्या असतील तर बीड (ओतीव लोखंड). स्टील असेल तर ऑइल पूर्ण काढा, कव्हर उतरवा, सील आणि गॅस्केट बाजूला ठेवा आणि ६ मिमीचा पॅच ६०१३ च्या साध्या रॉडने तुटक टाक्यांत लावा. सलग वेल्ड केलं तर कव्हरची कड वाकते आणि गॅस्केट कधीच बसत नाही. बीड असेल तर वेल्डिंगचं नावच काढू नका. साइड प्लेटच्या भोकातून बोल्टने लटकवलेली ८ मिमीची वेगळी ढाल करून घ्या, कव्हरपासून ५ मिमी अंतर ठेवून, पुढची कड वर वळवलेली, नाहीतर पऱ्हाटीची खुटं त्या फटीत अडकून बसतील.